वाडीचा पातेरा वाडीतच मुरवा

रत्नागिरी शहराच्या किनाऱ्यावर मांडवी वसलेली आहे. समोर काळसर वाळूचा किनारा व बंदराचा धक्का, दक्षिणेस काजळी नदीला समुद्रात पोचविणारी भाट्ये खाडी आणि मागे जांभ्या दगडाचा चढाव, अशी या भागाची ठेवण आहे. वस्ती दाट झाली असली तरी जुन्या आवारांतून नारळ, आंबा, फणस, सुपारी व चार फुलझाडे अजूनही उभी आहेत. त्यांच्या जोडीला आता हॉटेलांच्या हिरवळी व गृहसंकुलांच्या बागाही आल्या आहेत.

या बागांची निगा राखण्याची रीत मात्र पालटली आहे. पूर्वी घरचीच माणसे शिंपणे करीत, आळी उकरीत व पातेरा गोळा करीत. आज पुष्कळ घरांचे मालक नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास राहतात आणि गणपतीला व मे महिन्यात तेवढे घरी येतात. वाडीचे काम वर्षाच्या ठरावाने अथवा रोजाने दुसऱ्याकडे सोपविलेले असते. नारळ पाडण्यास पाडेली येतो, पावसाळ्याअखेर बेणणीस मजूर येतात, आणि हॉटेलाची हिरवळ एखादा ठेकेदार सांभाळतो. बागेची निगा हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला असून त्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो.

या व्यवसायात ‘बाग साफ करणे’ या शब्दांचा एक ठराविक अर्थ रूढ झाला आहे. शेवटचे पानदेखील झाडून काढावयाचे, ढीग गडग्याच्या कोपऱ्यात न्यावयाचा, आणि तो पेटवून द्यावयाचा किंवा टेम्पोत भरून कोठेतरी ओतून यावयाचे. जमीन लख्ख दिसली की काम पुरे झाले. मग जून महिना जवळ आला की त्याच वाडीसाठी शेणखताची गाडी विकत आणावयाची. एका हाताने जाळावे व दुसऱ्या हाताने विकत घ्यावे, असा हा व्यवहार आहे. त्यात मालकाचे नुकसान आहे आणि जमिनीचे त्याहून अधिक आहे. तो पालटण्यासाठी काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपयोगाच्या वस्तूचा कचरा कसा झाला

नारळाच्या झाडापासून मिळणारी एकही वस्तू पूर्वी कोकणात टाकाऊ समजली जात नसे. झावळ्यांचे झाप विणून पडवी व मांडव शाकारीत. पात्यांतील हीर काढून खराटे बांधीत. सोडणे व पोयी चुलीस लागत, सोडणाच्या काथ्याचे दोर वळीत आणि करवंटीची डवली होई. घरोघरी गॅस आला, पडवीवर पत्रे चढले व दोर नायलॉनचे झाले. त्याबरोबर झावळीचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. झाड मात्र पूर्वीप्रमाणेच झावळ्या टाकीत राहिले. वाडीत कचरा वाढल्याची तक्रार ऐकू येते, तिचे कारण हे आहे. वस्तू तीच राहिली असून तिचा उपयोग तेवढा संपला आहे. तेव्हा तिला नवा उपयोग जोडून देणे हाच सरळ उपाय होय.

हा पातेरा भरतो तरी किती? उंच जातीचे पूर्ण वाढलेले नारळाचे झाड वर्षाला सुमारे १२ ते १४ झावळ्या टाकते. साडेसात मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी सुमारे १७७ झाडे बसतात, आणि अशा बागेतून वर्षाकाठी ६ ते ८ टन झावळ्या व पाला मिळतो. या हिशेबाने एका झाडापासून ३४ ते ४५ किलो माल निघतो. समजा, मांडवीतील एका आवारात २० नारळ आहेत. तेथे वर्षाला सुमारे ७०० ते ९०० किलो झावळ्या पडतील. कासरगोड येथील केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने नारळाच्या पाल्यापासून गांडूळखत करण्याची पद्धत बसविली असून तीत पाल्याच्या वजनाच्या सुमारे ७० टक्के खत हाती येते. म्हणजे वरील वाडीत सुमारे ५०० ते ६०० किलो खत तयार होईल. पूर्ण वाढलेल्या नारळास वर्षाला ५० किलो सेंद्रिय खत द्यावे अशी शिफारस आहे. त्याप्रमाणे २० झाडांस १,००० किलो खत लागते. केवळ झावळ्यांतूनच निम्मी गरज भागते. त्यात आंबा-फणसाचा पातेरा, बेणणीचे गवत व स्वयंपाकघरातील भाजीपाल्याचे देठ मिळविले असता उरलेल्या निम्म्याचाही बराच भाग भरून निघतो. जी वाडी खतासाठी दुसऱ्याच्या गोठ्याकडे पाहते, तिच्या कोपऱ्यातच तिचे खत पडलेले असते.

जाळण्याने काय जाते

कोकणात पाला जाळण्याची चाल जुनी आहे. भाताच्या तरव्यासाठी कवळ तोडून, त्यावर पातेरा व शेण पसरून भाजावळ करीत. त्यामागे हेतू होता. तणाचे बी भाजून निघे आणि राखेचा उपयोग लहान रोपांस होई. परंतु तरव्याची जागा म्हणजे वर्षातून एकदा पेरावयाचा लहानसा तुकडा होय, आणि वाडी ही पन्नास-साठ वर्षे एकाच जागी उभी राहणारी झाडांची वस्ती आहे. तरव्याचा न्याय वाडीला लागू करणे योग्य नव्हे.

पाला पेटला की त्यातील नत्र जवळजवळ सर्व हवेत निघून जाते. सेंद्रिय द्रव्य तर संपूर्ण नष्ट होते. राखेत पालाश, चुना व काही स्फुरद राहते हे खरे. पण रत्नागिरीस वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मे महिन्यात केलेली राख आगोटीच्या पहिल्या जोराच्या सरींबरोबर पन्हळीतून खाडीला मिळते. जांभ्याच्या जमिनीत पाणी लवकर निचरून जाते व तिच्यात अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती कमी असते. ती शक्ती वाढविणारी वस्तू म्हणजे कुजलेला पाला, आणि नेमकी तीच आपण आगीत टाकतो. शिवाय खोडाजवळ पेटविलेल्या ढिगामुळे वरच्या थरातील तंतुमुळे भाजतात. नारळाची व आंब्याची अन्न घेणारी पुष्कळ मुळे याच थरात असतात. धुराचा त्रास शेजाऱ्यांस, विशेषतः दम्याच्या रोग्यांस व लहान मुलांस होतो, तो वेगळाच.

कायद्याचेही या बाबतीत स्पष्ट म्हणणे आहे. २०१६ साली काढलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा साठविण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली, आणि सार्वजनिक बागांतील पाल्यावर शक्य तो त्याच बागेत प्रक्रिया करावी असे स्थानिक संस्थांस सांगितले. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, व मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला. तथापि दंडाच्या भीतीने आग थांबली आणि पाला खाडीत गेला, तर बागेस त्याचा काहीच लाभ नाही. पाला झाडाच्या मुळाशी पोचला पाहिजे.

सुधारलेल्या पद्धती

पालापाचोळ्यापासून पद्धतशीर खत करण्याचे शास्त्र आपल्याच देशात वाढलेले आहे. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथील संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात प्रयोग करून ढीग रचणे, ओलावा राखणे व ठराविक दिवसांनी चाळविणे यांचे नियम बसविले. १९३१ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ती पद्धत पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात पुसद (जिल्हा यवतमाळ) येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी जाळीदार भिंतींच्या टाकीत खत करण्याची पद्धत शोधून काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ हे नाव पडले आहे.

नाडेप टाकी आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. भिंतींत हवा खेळण्यासाठी भोके ठेवलेली असतात. एका भरणीस १,४०० ते १,५०० किलो पालापाचोळा, ९० ते १०० किलो शेण, १,७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि १,५०० ते २,००० लिटर पाणी लागते. पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, अशा क्रमाने टाकी काठाच्या वर दीड फुटापर्यंत भरावी आणि शेणमातीने लिंपून घ्यावी. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो, तेव्हा तशाच थरांनी पुन्हा भरून लिंपावी. ९० ते १२० दिवसांत खत तयार होते व एका टाकीतून सुमारे तीन टन खत निघते. झाडास ५० किलो या प्रमाणाने ते ६० झाडांस पुरेल. वीस-पंचवीस झाडांच्या वाडीस याच्या निम्मी टाकी पुष्कळ झाली.

कोकणासाठी या पद्धतीत थोडा फेरफार करावा लागतो. येथे विटांऐवजी जांभ्याचे चिरे सहज मिळतात. दोन चिऱ्यांमध्ये चार बोटांची फट ठेवून त्यांचीच टाकी रचावी. कातळ असल्यामुळे खड्डा खोदण्याचा खर्च मोठा येतो आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून टाकी जमिनीच्या वर बांधणेच सोयीचे. चाळलेल्या मातीची वाण असल्यास पाटाच्या व गटाराच्या तळातील गाळ किंवा जुन्या आळ्यांतील माती वापरावी. मात्र गाळात काच व प्लॅस्टिक नसावे.

आंब्याचे पान चिवट व मेणचट असते आणि नारळाचे पाते त्याहूनही कडक असते. अशा मालात कर्ब फार व नत्र थोडे असते, म्हणून एकटा ठेवल्यास तो वर्ष वर्ष कुजत नाही. ‘आमच्याकडे पातेरा कुजतच नाही’ असा अनुभव जे सांगतात, त्यांच्या ढिगात बहुधा हिरवा माल व पाणी यांची उणीव असते. कडक पाल्याचे वीतभर तुकडे करावेत आणि ते एक दिवस भिजवून घ्यावेत. तीन भाग सुक्या पाल्यास एक भाग हिरवे गवत किंवा गिरिपुष्पाचा कोवळा पाला मिसळावा. गडग्याच्या कडेने गिरिपुष्पाची रांग लावल्यास कुंपण होते आणि हिरवा पालाही घरचाच मिळतो. कृषी महाविद्यालये व विद्यापीठे यांच्याकडे मिळणारे कुजविणाऱ्या जिवाणूंचे संवर्धन टनास एक किलो या प्रमाणात शेणकाल्यातून टाकावे. मूठभर माल पिळला असता हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये, इतकाच ओलावा असावा.

गांडूळखत करावयाचे असल्यास नारळाचा पाला व शेण यांचे वजनी प्रमाण दहास एक असे ठेवावे. प्रथम पाला अर्धवट कुजू द्यावा व ढीग निवल्यावरच गांडुळे सोडावीत, कारण ताज्या ढिगाच्या उष्णतेत ती जगत नाहीत.

गेंड्या भुंग्याचा धोका

येथवरचे विवेचन वाचून कोणी वाडीच्या कोपऱ्यात खताचा ढीग रचील आणि तो वर्ष-दीड वर्ष तसाच पडू देईल, तर त्याने तो न रचणेच बरे. नारळाच्या मुलखात दुर्लक्षित ढीग हा मोठा धोका आहे. गेंड्या भुंगा आपली अंडी कुजणाऱ्या शेणखतात, पाल्याच्या जुन्या ढिगात व मेलेल्या माडाच्या खोडात घालतो. त्यातून निघणाऱ्या पांढऱ्या, अर्धचंद्राकृती वाकलेल्या अळ्या तेथेच वाढतात. पूर्ण वाढलेला भुंगा रात्री माडावर जाऊन न उमललेला कोंब पोखरतो. पुढे तो कोंब उलगडला की झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. मोठ्या झाडाचे उत्पन्न घटते आणि लहान रोप पुष्कळदा मरून जाते. भुंग्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोड आतून खातात, आणि ही गोष्ट बाहेर दिसेपर्यंत माड हातचा गेलेला असतो. दहा वर्षे पाणी घालून वाढविलेला माड असा एका आळसाच्या ढिगापायी जातो.

यावर उपाय कालमर्यादेचा आहे. अंड्यापासून भुंगा होण्यास किमान चार महिने, बहुधा त्याहून अधिक काळ लागतो. ढीग चार महिन्यांच्या आत पूर्ण रिकामा केला, त्यात दिसणाऱ्या अळ्या वेचून मारल्या व तळ खरवडून उन्हात तापविला, तर भुंग्याची पिढी पुरी होत नाही. मधे एकदा ढीग चाळविल्यास अळ्या उघड्या पडतात व पक्षीही त्या वेचून खातात. मेटारायझियम या बुरशीची पूड पाण्यात कालवून ढिगावर शिंपडल्यास अळ्यांना रोग होऊन त्या मरतात, आणि पिकास वा माणसास त्यापासून अपाय होत नाही.

या कामास लागणारी सर्व माहिती मांडवीकरांस अगदी जवळ मिळू शकते. खाडीपलीकडे भाट्ये येथे १९५५ साली स्थापन झालेले प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. ते आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. कीड ओळखता येत नसेल त्याने पोखरलेला कोंब किंवा अळी घेऊन तेथे जावे.

कामाचे वेळापत्रक

कोकणच्या हवामानास जुळेल असे वर्षाचे वेळापत्रक पुढीलप्रमाणे ठेवता येते.

ऑक्टोबर : पाऊस सरताच बेणणी होते. गवत व रानमोडी ही तणे बी धरण्यापूर्वीच कापावीत. या हिरव्या मालात साठविलेला सुका पातेरा मिसळून पहिली भरणी करावी.

जानेवारी अखेर : पहिली टाकी रिकामी करावी. ते खत भाजीपाला, फुलझाडे व कलमांची रोपे यांस द्यावे. लगेच झावळ्यांचे तुकडे, आंब्याचा पातेरा व गिरिपुष्पाचा पाला यांची दुसरी भरणी करावी. उन्हाळ्यात टाकीवर झाप टाकून सावली करावी व आठवड्यास पाणी शिंपडावे.

मे अखेर : दुसरी टाकी रिकामी करावी. मृगाचा पाऊस पडताच हे खत आंबा व नारळ यांच्या आळ्यांत पसरून मातीत मिसळावे.

जून ते सप्टेंबर : टाकी रिकामी ठेवावी. या दिवसांत गेंड्या भुंग्याचा उपद्रव अधिक असतो आणि मुसळधार पावसात खताचा अर्कही वाहून जातो. पावसाळ्यात कापलेले गवत व हिरवा पाला आळ्यातच आच्छादन म्हणून पसरावा. तो खोडापासून वीतभर दूर ठेवावा, म्हणजे बुंधा कुजत नाही व वाळवी लागत नाही.

कोणता माल कोठे जावा

सर्व पाला एकाच ढिगात टाकणे ही दुसरी चूक होय. निगा राखणाऱ्या माणसाने काम करतानाच मालाचे चार वाटे करावेत.

पहिला वाटा थेट आळ्यात जाणारा. नारळाची सोडणे यात येतात. आळ्यात सोडणांचे आच्छादन करताना त्यांची फुगीर बाजू वर ठेवावी. चर खणून पुरावयाची असल्यास खोलगट बाजू वर करून थर द्यावेत व प्रत्येक थरावर माती टाकावी. पुरलेली सोडणे पावसाचे पाणी शोषून धरतात आणि त्यांचा उपयोग पाच ते सात वर्षे टिकतो. निचऱ्याच्या जांभ्या जमिनीत व किनाऱ्याच्या वाळूत हा लाभ विशेष आहे.

दुसरा वाटा टाकीत जाणारा. निरोगी झावळ्या, पातेरा, गवत, फुलझाडांची छाटणी व हिरवळीचे कापलेले गवत यांत टाकावे. हिरवळीचे गवत एकटेच टाकल्यास त्याचा चिखल होऊन दुर्गंधी सुटते, म्हणून ते नेहमी सुक्या पाल्यात मिसळावे. मासळीचे टाकाऊ भाग मांडवीसारख्या ठिकाणी सहज मिळतात व त्यांत नत्र भरपूर असते. ते टाकीच्या मध्यभागी घालून वर मातीचा जाड थर द्यावा, अन्यथा कुत्री व घार टाकी उकरतील.

तिसरा वाटा रोगट मालाचा. भिरुडाने पोखरलेली आंब्याची फांदी, मेलेल्या माडाचे खोड व वाळलेल्या रोगट डहाळ्या खतात घालू नयेत. त्या फोडून, वाळवून ताबडतोब चुलीस किंवा पाण्याच्या बंबास लावाव्यात. असे केल्याने कीड मरते आणि लाकडाचाही उपयोग होतो. आंब्यावरील बांडगूळ फळे येण्यापूर्वीच काढावे. खाली पडलेली व किडलेली आंब्याची फळे रोजच्या रोज वेचून दोन फुटांहून खोल खड्ड्यात पुरावीत. झाडाखाली राहिलेल्या फळांतील फळमाशीच्या अळ्या जमिनीत कोषावस्थेत जातात व पुढच्या फळांवर माश्यांची झुंड तयार होते. कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘रक्षक’ सापळा याच माशीसाठी आहे, परंतु पडलेली फळे तशीच राहिली तर सापळ्याचा उपयोग अपुरा पडतो.

चौथा वाटा बागेचा नसलेल्या मालाचा. रोपांच्या प्लॅस्टिक पिशव्या, ठिबकच्या फुटक्या नळ्या, नायलॉनचे दोर व औषधांच्या बाटल्या पातेऱ्याबरोबर कदापि जाऊ नयेत. पिशव्या व नळ्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याकडे द्याव्यात. कीटकनाशकाची रिकामी बाटली तीन वेळा विसळावी व ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. नंतर बाटलीला भोके पाडून ती वेगळी ठेवावी व स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे सुपूर्द करावी. अशा बाटलीत तेल, पाणी वा रॉकेल भरणे प्राणावर बेतू शकते.

येथेच आणखी एक सूचना करणे अवश्य आहे. वाडी नीटनेटकी दिसावी म्हणून पुष्कळ ठिकाणी माडाच्या हिरव्या झावळ्याही तोडून टाकतात. हिरवी झावळी हे झाडाचे अन्न शिजविणारे अंग आहे, आणि तिच्या ताज्या कापावर सोंड्या भुंगा आकर्षित होतो. वाळून लोंबणारीच झावळी काढावी. वाट अडल्यामुळे हिरवी झावळी तोडणे भागच पडले, तर खोडाकडे सुमारे सव्वा मीटर देठ ठेवून कापावी.

ठरावातच तरतूद हवी

निगा राखणारा मजूर पाला जाळतो तो अज्ञानाने, असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याला मजुरी मिळते ती पाला दिसेनासा करण्याची. वर्गवारी करणे, तुकडे करणे, टाकी भरणे व चाळविणे हे अधिक श्रमाचे काम आहे, आणि त्याचा मोबदला ठरावात धरलेला नसतो. मालक सहा महिन्यांनी येतो, मोकळी जमीन पाहून समाधान मानतो व पैसे देतो. मग मजुराने जादा श्रम कोणासाठी करावेत?

म्हणून सुधारणेची सुरुवात मालकाने करावयास हवी. वर्षाचा ठराव करताना पुढील बाबी त्यात स्पष्ट असाव्यात : आवारातील पाला आवाराबाहेर जाणार नाही व जाळला जाणार नाही. वर्षातून दोनदा टाकी भरून चार महिन्यांच्या आत ती रिकामी केली जाईल. रोगट माल वेगळा केला जाईल. या कामाच्या दिवसांची मजुरी वेगळी धरली जाईल. खत विकत आणण्याचा जो खर्च वाचेल, त्यातून ही मजुरी देणे मालकास जड जाऊ नये. गरजेपेक्षा अधिक खत झाल्यास ते विकून येणारे उत्पन्न निगा राखणाऱ्यास द्यावे, म्हणजे त्याचेही हित त्यात गुंतेल. मालकाने घरी आल्यावर अंगण किती लख्ख आहे हे पाहण्यापूर्वी टाकीत हात घालून खत पाहावे.

ज्या गृहसंकुलास किंवा हॉटेलास टाकीपुरतीही जागा नाही, त्याने आपला सुका पाला शेजारच्या वाडीस द्यावा. पुण्यात २०१६ पासून ‘ब्राउन लीफ’ या नावाने असा उपक्रम चालू झाला. ज्यांच्याकडे सुकी पाने जास्त आहेत त्यांची गाठ, बागेसाठी ती हवी असणाऱ्यांशी त्यातून घालून दिली जाऊ लागली. कोकणातच वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याची कसून वर्गवारी करून आपल्या कचराभूमीचे लोकांनी पाहावयास यावे असे स्थळ बनविले. मांडवीत वाडी व हॉटेल यांच्यामध्ये पुष्कळदा एका गडग्याचेच अंतर असते. येथे अशी देवघेव सुरू होण्यास टेम्पोचीदेखील गरज नाही.

दहा वर्षे जाळलेल्या वाडीची माती व दहा वर्षे पातेरा मुरविलेल्या वाडीची माती हातात घेऊन पाहावी. पहिली उन्हाळ्यात विटेसारखी तापते आणि पाणी घातले तरी संध्याकाळी कोरडी पडते. दुसरी भुसभुशीत राहते, ओल धरते व तिच्यात गांडुळे नांदतात. हा पालट एका वर्षात दिसत नाही. परंतु माडाला उत्पन्न देण्यास सहा-सात वर्षे लागतात हे ठाऊक असूनही तो लावणाऱ्या कोकणी बागायतदारास धीर धरण्याचा पाठ कोणी शिकवावयास नको. येत्या बेणणीच्या वेळी पेटविण्यासाठी काडी काढण्यापूर्वी त्याने गडग्याच्या कोपऱ्यात चार चिरे मांडावेत व पहिला थर भरावा. काम सुरू होण्यास एवढे पुरे आहे.